सबमिटचं बटण करडं ठेवावं का?

अर्धविराम

मंडळी, एक जुना नोंदणीचा फॉर्म माझ्याकडे देखभालीला आलाय. साधा एचटीएमएल आणि थोडी हाताने लिहिलेली जावास्क्रिप्ट, कुठलंही फ्रेमवर्क नाही. नाव, ईमेल, फोन, पासवर्ड, पत्ता, एक संमतीचा चौकोन आणि खाली 'नोंदणी करा'. सुरुवातीला हे बटण डिसेबल, म्हणजे करडं आणि न दाबता येणारं असतं. सगळे रकाने बरोबर भरले की स्क्रिप्ट ते चालू करते.

तक्रारी तीन प्रकारच्या येतात.

१. "सगळं भरलंय, तरी बटण दाबलं जात नाही." ही सर्वात जास्त. माझ्याकडे कधीच घडत नाही.

२. एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी.

३. पासवर्डच्या शेजारचं 'दाखवा' दाबलं की फॉर्मच सबमिट होतो. हे मात्र माझ्याकडेही होतं.

दुसऱ्या तक्रारीवर इलाज म्हणून आधीच्या कोणीतरी क्लिकवर बटण बंद करायची एक ओळ लिहिली होती, पण ती कॉमेंट करून ठेवलीय. ती चालू केली तर क्रोममध्ये फॉर्म जातच नाही. का, ते कळत नाही. सगळं नव्याने लिहायची मुभा आहे, फक्त लायब्ररी घ्यायची नाही. तुम्ही कसं कराल?

टॅबकी

तिसरं सोपं आहे. 'दाखवा' या बटणाला टाइप दिलेला नसणार. फॉर्मच्या आत असलेल्या बटण टॅगचा मूळ टाइप 'सबमिट' असतो, 'बटण' नव्हे. टाइप स्पष्ट लिहा, प्रश्न मिटेल. फॉर्ममधल्या प्रत्येक बटणाला टाइप लिहायचाच, अगदी सबमिटलासुद्धा. पुढे वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही.

बाकीच्यांवर जाणकार बोलतील. वाचतोय.

रिकामी ओळ

पहिली तक्रार तुमच्याकडे घडत नाही, कारण तुम्ही फॉर्म हाताने भरता. वापरणारे तसा भरत नाहीत. ब्राउझरने आपोआप भरलेले रकाने घ्या. क्रोम साठवलेला पासवर्ड पान उघडताच रकान्यात दाखवतो खरा, पण माणूस पानावर कुठेतरी क्लिक करेपर्यंत किंवा कळ दाबेपर्यंत ती किंमत स्क्रिप्टला मिळत नाही. म्हणजे डोळ्यांना रकाना भरलेला, स्क्रिप्टच्या हिशेबी रिकामा आणि बटण करडं. लॉगिनच्या पानावर हे हमखास दिसतं. नोंदणीत दुसरा प्रकार जास्त: तुमची स्क्रिप्ट 'की-अप'वर तपासत असेल, तर उजव्या क्लिकने पेस्ट केलेलं, सूचनांमधून निवडलेलं, बोलून टाकलेलं, ओढून सोडलेलं तिला कळणारच नाही. तिथे 'इनपुट' ही घटना (रकान्यातली किंमत बदलली की ब्राउझर देतो ती सूचना) ऐकायला हवी.

तरीही 'इनपुट' लावून मोकळे होऊ नका. मूळ दुखणं वेगळं आहे. करडं बटण फक्त 'नाही' म्हणतं. फोनमध्ये एक अंक कमी आहे, ईमेलच्या शेवटी स्पेस राहिलीय, की संमतीचा चौकोन स्क्रोलच्या खाली गेलाय, हे ते सांगत नाही आणि सांगूही शकत नाही, कारण दाबताच येत नाही. माणसाने 'झालं माझं' असं म्हणायची एकमेव जागा आपण बंद करून ठेवतो. तो दाबेल तेव्हाच तर आपल्याला बोलायची संधी मिळते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सबमिटचं बटण सुरुवातीपासून उघडं ठेवा. दाबल्यावर तपासा. चूक असेल तर रकान्याखाली लिहा आणि फोकस, म्हणजे कीबोर्ड जिथे काम करतो ती जागा, पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्या. बटण अडवायचं ते फक्त फॉर्म निघाल्यापासून उत्तर येईपर्यंत.

ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिमचाही सल्ला हाच आहे: डिसेबल बटणांचा काँट्रास्ट कमी असतो, लोक गोंधळतात, शक्य तिथे टाळा. त्यांच्याकडे पानाच्या वर चुकांची यादी येते, प्रत्येक चूक त्या-त्या रकान्याची लिंक असते आणि फोकस त्या यादीवर जातो. मोठ्या फॉर्मसाठी ही पद्धत मला आवडते. पाच-सहा रकान्यांना मात्र थेट पहिल्या चुकीवर उडी मारलेली बरी.

घाईत आहे

असहमत, निदान अर्धा. करड्या बटणाने माणसाला कळतं की अजून काहीतरी बाकी आहे. ओटीपीच्या पानावर सहा आकडे होईपर्यंत 'पुढे' करडं ठेवण्यात काय वाईट? आमच्याकडे डिझाइनवाले तेच मागतात आणि वापरणाऱ्यांची त्यावर कुरकुर नाही.

रिकामी ओळ

ओटीपीला एकच रकाना असतो आणि काय हवंय ते समोर लिहिलेलं असतं. तिथे करडं बटण फारसं अडवत नाही हे मान्य. पण तिथे त्याचा फायदा तरी काय? पाच आकड्यांवर दाबलं तर 'आणखी एक आकडा हवा' म्हणायला एक ओळ लागते. आणि अर्धविराम यांच्या फॉर्मात पाच रकाने नि एक चौकोन आहे. तिथे 'काहीतरी बाकी आहे' एवढ्याने भागत नाही, *काय* बाकी आहे ते सांगायला लागतं.

कुरकुर नाही म्हणता, तर ती मोजणार कशी? करड्या बटणापाशी अडकून निघून गेलेल्या माणसाची सर्व्हरवर काहीच खूण राहत नाही. तपासून नाकारलेल्या फॉर्मची निदान लॉगमध्ये नोंद करता येते.

ऐकून वाचणारी

मी स्क्रीन रीडर, म्हणजे पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरते, त्यामुळे या विषयात जरा जास्तच जीव आहे.

फॉर्म भरताना मी टॅबने पुढे सरकते. डिसेबल बटणावर टॅब थांबतच नाही. शेवटच्या रकान्यावरून टॅब मारला की मी थेट तळटीपेतल्या लिंकवर किंवा ब्राउझरच्या पट्टीत पोचते. बटण या पानावर आहे हेच कळत नाही. बाणाच्या कळांनी ओळ-ओळ शोधत गेले तर ते सापडतं आणि त्यापुढे 'अनुपलब्ध' अशा अर्थाचा एक शब्द ऐकू येतो. कशामुळे अनुपलब्ध, ते कुणीच सांगत नाही. मग उलटं वर जायचं, एकेक रकाना ऐकायचा आणि कुठे चुकलं असेल त्याचा अंदाज करायचा.

बटण अगदी करडंच दाखवायचं असेल तर 'डिसेबल्ड'ऐवजी 'एरिया-डिसेबल्ड' लावा. मग त्यावर फोकस येतो, ते बंद आहे हेही ऐकू येतं आणि दाबल्यावर तुम्ही कारण सांगू शकता. मात्र हा गुणधर्म फक्त माहिती देतो, क्लिक थांबवत नाही. थांबवायचं काम तुमच्या स्क्रिप्टचं.

चुकांबद्दलही थोडं. रकान्याला फक्त लाल कडा दिली तर माझ्यासाठी काहीच बदललेलं नसतं. 'एरिया-इनव्हॅलिड' लावा आणि चुकीच्या मजकुराला आयडी देऊन तो 'एरिया-डिस्क्राइब्ड-बाय'ने रकान्याला जोडा. मग फोकस तिथे आला की मला "ईमेल, संपादन, चुकीची नोंद, पत्त्यात ॲटचं चिन्ह नाही" असं एका दमात ऐकू येतं. चूक मजकुरात सांगणं ही डब्ल्यूसीएजीमध्ये (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे निकष) सर्वात खालच्या, म्हणजे 'ए' पातळीची अट आहे, क्रमांक ३.३.१. ही काही चैन नाही.

आणि कृपा करून प्रत्येक अक्षरागणिक चूक जाहीर करू नका. ईमेलचं पहिलं अक्षर टाइप केल्याबरोबर "ईमेल चुकीचा आहे", दुसरं केल्यावर पुन्हा तेच. अहो, लिहू तर द्या!

टॅबकी

+१. हे डोळ्यांनी बघणाऱ्यालाही तितकंच टोचतं. मी असं करतो: पहिल्यांदा रकाना सोडून जाताना तपासायचं, आणि एकदा चूक दाखवली की मग मात्र प्रत्येक 'इनपुट'वर, म्हणजे दुरुस्त होताच संदेश लगेच जातो. ओरडायला उशीर, माफ करायला घाई.

सीएसएसमध्ये याच वळणाचं तयार काहीतरी आहे. 'इनव्हॅलिड' हा सूडोक्लास पान उघडताक्षणी लागू होतो, त्यामुळे कोरा फॉर्म लालभडक दिसतो. 'यूजर-इनव्हॅलिड' मात्र माणसाने रकान्याला हात लावल्यावर किंवा सबमिटचा प्रयत्न झाल्यावरच लागतो. फायरफॉक्समध्ये तो २०२१पासून आहे, सफारी आणि क्रोममध्ये २०२३मध्ये आला. स्क्रिप्टमधली 'डर्टी', 'टच्ड' असली निम्मी खातेवही त्याने वाचते.

अर्धविराम

ऐकून वाचणारी, तुमचा प्रतिसाद टीममध्ये जसाच्या तसा पाठवलाय. वाचनखूण पण साठवली.

बटण उघडं ठेवायचं ठरलं. आता ती कॉमेंट केलेली ओळ. क्लिकवर डिसेबल केलं की फॉर्म का जात नाही? आणि व्हॅलिडेशन (तपासणी) क्लिकवर लावू की सबमिटवर? एकाने सांगितलं, क्लिकवर लावलं तर एंटर दाबणारे सुटतात.

रिकामी ओळ

'एंटर दाबणारे सुटतात' हे अर्धंच खरं आहे. नीट बघू.

रकान्यात एंटर दाबला की ब्राउझर त्या फॉर्ममधलं *पहिलं* सबमिट बटण शोधतो आणि त्याच्यावर खोटा क्लिक करतो. म्हणजे खऱ्या सबमिट बटणावर क्लिकचा हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन) असेल तर तो एंटरनेही चालतो. सुटतात ते टाइप 'बटण' असलेल्या बटणावर सगळं लावणाऱ्यांचे. त्यांच्या फॉर्मात ब्राउझरच्या लेखी सबमिट बटणच नसतं. तिथे आणखी एक मजा: मजकुराचा एकच रकाना असेल तर एंटरने फॉर्म तरीही जातो, तुमचा हँडलर न विचारता. दोन असतील तर काहीच होत नाही. शोधाच्या चौकटीला दुसरा रकाना जोडला आणि एंटर मेला, असे गूढ प्रश्न इथूनच येतात.

'पहिलं' या शब्दाकडेही लक्ष द्या. पहिलं म्हणजे एचटीएमएलच्या क्रमाने पहिलं, दिसायला नव्हे. अनेक पायऱ्यांच्या फॉर्ममध्ये 'मागे' आणि 'पुढे' ही दोन्ही सबमिट बटणं असतात आणि 'मागे' आधी लिहिलेलं असतं. माणूस रकाना भरून एंटर मारतो आणि मागच्या पायरीवर जाऊन पडतो. 'पुढे' आधी लिहा, जागा सीएसएसने बदला. किंवा 'मागे'ला सबमिट ठेवूच नका. आणि ते पहिलं बटण डिसेबल असेल तर एंटरने काहीही होत नाही. करड्या बटणाच्या खात्यात हा आणखी एक गुन्हा.

आता तुमची ओळ. क्लिक झाल्यावर आधी तुमचे हँडलर चालतात आणि मग ब्राउझर बटणाचं स्वतःचं काम करायला घेतो. त्या वेळी तो बघतो की बटण डिसेबल आहे, आणि सोडून देतो. तुम्हीच त्याला नुकतंच डिसेबल केलेलं असतं. ब्राउझरचं काही चुकत नाही, एचटीएमएलच्या प्रमाणकात हेच लिहिलंय.

म्हणून सगळं फॉर्मच्या 'सबमिट' या घटनेवर लावा, बटणाच्या क्लिकवर नाही. क्रम असा: बटण दाबलं, ब्राउझरने स्वतःची तपासणी केली, त्यात नापास तर चुकलेल्या प्रत्येक रकान्यावर 'इनव्हॅलिड' घटना आणि तिथेच थांबा. पास झालं तरच 'सबमिट' घटना. त्यानंतर रकान्यांच्या किमती गोळा होतात आणि मग विनंती निघते.

या क्रमात एक खड्डा आहे. 'सबमिट' घटनेत बटण डिसेबल केलं तर फॉर्म जातो, पण किमती त्यानंतर गोळा होतात आणि डिसेबल घटकांची किंमत पाठवली जात नाही. तुमचा सर्व्हर 'कुठलं बटण दाबलं' हे बटणाच्या नावावरून ओळखत असेल, 'जतन करा' की 'प्रकाशित करा', तर ते नाव पोचतच नाही.

त्यामुळे मी डिसेबल करतच नाही. फॉर्मवर 'पाठवतोय' अशी एक खूण ठेवतो. 'सबमिट' आली की खूण आहे का बघायचं. असेल तर प्रिव्हेंट-डिफॉल्ट म्हणजे पाठवणं रोखायचं, संपलं. नसेल तर खूण लावायची, बटणाचा मजकूर 'पाठवत आहे…' करायचा आणि जाऊ द्यायचं. बटणाचं नाव-किंमत शाबूत राहते. फोकसही जागेवर राहतो; फोकस असलेलं बटण डिसेबल केलं की कीबोर्डवाल्याचा फोकस हरवतो, ते टळतं. फेचने, म्हणजे पान न बदलता स्क्रिप्टमधून पाठवत असाल तर खूण काढायचं काम 'फायनली'मध्ये करा, 'देन'मध्ये नको. नेटवर्क पडलं की 'देन' येतच नाही आणि बटण जन्मभर 'पाठवत आहे…' म्हणत बसतं.

क्ष

फेच म्हटलं म्हणून: कुठलं बटण दाबलं ते घटनेच्या 'सबमिटर'मध्ये मिळतं. फॉर्मडेटा (पाठवायच्या किमतींचा संच) नुसता फॉर्मवरून बनवला तर बटणाचं नाव त्यात येत नाही, ते स्वतः जोडावं लागतं. नव्या ब्राउझरांत सबमिटर हा दुसरा पॅरामीटर म्हणून देता येतो.

आणि कुणी कोडमधून फॉर्म पाठवत असेल तर 'सबमिट' मेथड बोलावू नका. ती तपासणीही करत नाही आणि 'सबमिट' घटनाही उडवत नाही, मागच्या दाराने निघून जाते. 'रिक्वेस्ट-सबमिट' वापरा, ते खरं बटण दाबल्यासारखं वागतं. सफारीत ते १६व्या आवृत्तीपासून आहे.

अवांतर: बटणाचं नाव किंवा आयडी 'सबमिट' ठेवू नका. फॉर्ममधले घटक त्यांच्या नावाने फॉर्मचे गुणधर्म होतात, मग मेथडच्या जागी बटण सापडतं आणि कन्सोल म्हणतो की 'सबमिट' हे फंक्शन नाही. माणूस तासभर स्पेलिंग तपासत बसतो.

मागचा दरवाजा

दोन-दोन नोंदींबद्दल. वरची खूण ठेवाच, पण तिच्या भरवशावर राहू नका. विनंती पोचली, नोंद झाली आणि उत्तर परत येताना नेटवर्क तुटलं, तर माणसाला चूकच दिसणार आणि तो पुन्हा दाबणार. बटण काय करेल? दोन टॅब उघडे असतील, रिफ्रेश केलं असेल, तिथेही बटणाचा संबंध नाही.

काम सर्व्हरवरच करावं लागतं. आम्ही फॉर्म देताना एका लपवलेल्या रकान्यात प्रत्येक वेळी नवी, अंदाज न येणारी किल्ली ठेवतो आणि डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर युनिक इंडेक्स (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारा) लावतो. तीच किल्ली पुन्हा आली तर नवी नोंद न करता पहिलीचंच उत्तर परत द्यायचं. 'आधी शोधा, नसेल तर घाला' एवढ्यावर थांबू नका. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच उत्तर मिळतं. निकाल इंडेक्सला लावू द्या. शिवाय ईमेलवर युनिक इंडेक्स हवाच, नोंदणीचा फॉर्म आहे.

नोंद झाल्यावर पान तिथेच छापू नका, ३०३ या एचटीटीपी संकेतांकाने दुसऱ्या पत्त्यावर पाठवा. मग रिफ्रेश केलं तरी पोस्ट पुन्हा जात नाही. चूक असेल तर ४२२ (माहिती चालत नाही असा संकेतांक) देऊन तोच फॉर्म, भरलेल्या किमतींसकट परत द्या. पासवर्ड सोडून.

आणि ब्राउझरमधली तपासणी ही वापरणाऱ्याची सोय आहे, सुरक्षा नव्हे. 'रिक्वायर्ड' (रकाना भरायलाच हवा असं सांगणारा गुणधर्म) डेव्हलपर टूल्समधून दोन सेकंदांत काढता येतं. तेच सगळे नियम सर्व्हरवर पुन्हा लिहायचे. यावर चर्चा नको.

घाईत आहे

बरं, करड्या बटणावर हट्ट सोडला. पण एचटीएमएलची स्वतःची तपासणी वापरायची की नाही? रकान्यापाशी चूक सांगणाऱ्या त्या फुग्यांमधला मजकूर ब्राउझरच्या भाषेत येतो. पान मराठीत आणि फुगा इंग्रजीत, फार विजोड दिसतं.

टॅबकी

नियम एचटीएमएलमध्येच लिहा, दाखवायचं काम तेवढं आपल्याकडे घ्या. 'नो-व्हॅलिडेट' हा गुणधर्म एचटीएमएलमध्ये न लिहिता स्क्रिप्टमधून फॉर्मला लावायचा. स्क्रिप्ट चालली नाही तर ब्राउझरचे फुगे येतात, चालली तर आपले संदेश. 'सबमिट'मध्ये 'चेक-व्हॅलिडिटी' विचारा. नापास झालेल्या रकान्याचं 'व्हॅलिडिटी' उघडून बघितलं की 'व्हॅल्यू-मिसिंग', 'टाइप-मिसमॅच', 'टू-शॉर्ट' असं कारण हातात येतं. त्यावरून आपल्या भाषेतलं वाक्य निवडायचं. 'रिपोर्ट-व्हॅलिडिटी' बोलावलंत तर फुगे परत येतील, दोघांत फरक तेवढाच.

'मसुदा जतन करा' असं बटण असेल तर फक्त त्याला 'फॉर्म-नो-व्हॅलिडेट' लावता येतं. मसुद्याला अर्धवट राहायचा हक्क आहे.

फुगेच ठेवायचे असतील तर 'सेट-कस्टम-व्हॅलिडिटी'ने मजकूर बदलता येतो. पण एकदा संदेश ठेवला की रिकामी स्ट्रिंग देऊन तो पुसेपर्यंत रकाना चुकीचाच राहतो. माणूस सुधारतो, फुगा तरी तेच म्हणतो. पुसायची जागा 'इनपुट' घटना.

क्ष

काही ठिकाणी एचटीएमएलचे नियम आपल्याला वाटतात तसे नाहीत. 'रिक्वायर्ड'ला नुसत्या स्पेसही चालतात, ट्रिम करून स्वतः बघा. टाइप ईमेल असेल तर ॲटच्या पुढे एकही टिंब नसलेला पत्ताही पास होतो. 'मिन-लेंग्थ' फक्त माणसाने हाताने बदललेल्या किमतीला लागते, स्क्रिप्टने भरलेल्या किमतीला नाही. 'रीड-ओन्ली' रकाना पाठवला जातो पण तपासला जात नाही. डिसेबल रकाना पाठवलाही जात नाही. फोनसाठी टाइप नंबर नको, पुढचं शून्य जाऊ शकतं आणि माउसचं चाक फिरलं की आकडा बदलू शकतो. टाइप 'टेल' ठेवा.

सर्वात छळणारं: 'रिक्वायर्ड' रकाना सीएसएसने लपवलेला असला की बटण दाबल्यावर काहीच होत नाही. फुगा नाही, लाल नाही, फॉर्म जात नाही. ब्राउझरला फोकस ठेवायला जागा नसते, म्हणून क्रोम फक्त कन्सोलमध्ये 'हा रकाना फोकस करता येत नाही' अशा अर्थाचं कुरकुरतो. अर्धविराम, तुमच्या पहिल्या तक्रारीत हेही मिसळलेलं असू शकतं. पर्यायानुसार दिसणारे-लपणारे रकाने आहेत का?

अर्धविराम

आहेत! 'पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा आहे' या चौकोनावर चार रकाने उघडतात. लपवताना त्यांचं 'रिक्वायर्ड' काढलेलं नाही. तो गट फील्डसेटमध्ये टाकून लपवताना अख्खा फील्डसेटच डिसेबल केला तर?

क्ष

अगदी तेच करा. डिसेबल फील्डसेटच्या आतलं तपासलंही जात नाही नि पाठवलंही जात नाही, दोन्ही इथे हवंच आहे.

ऐकून वाचणारी

नावाच्या रकान्याला पॅटर्न (कुठली अक्षरं चालतील तो नियम) आहे का? असेल तर तो काय म्हणतो ते एकदा इथे लिहा. देवनागरीत नाव लिहिलं की "कृपया फक्त अक्षरे लिहा" असं ऐकवणाऱ्या फॉर्मांचा मला कंटाळा आलाय.

अर्धविराम

पॅटर्न आहे. लहान-मोठी रोमन अक्षरं, स्पेस, शेवटी हायफन. मी तो यूनिकोडच्या 'लेटर' वर्गावर नेणार होतो.

रिकामी ओळ

थांबा, तेवढ्याने भागणार नाही. यूनिकोडच्या हिशेबी मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त हे 'लेटर' नाहीत, 'मार्क' वर्गात आहेत. नुसता 'लेटर' ठेवलात तर 'कमल' पास आणि 'कमला' नापास. 'लेटर' आणि 'मार्क' दोन्ही घ्या. त्यातही काही कीबोर्ड जोडाक्षरांसाठी न दिसणारा जोडक किंवा विलगक घालतात, तो या दोन्ही वर्गांत बसत नाही.

लांबीचीही गंमत आहे. 'मॅक्स-लेंग्थ' यूटीएफ-१६ची (यूनिकोड साठवायची एक पद्धत) एककं मोजते, वाचणाऱ्याची अक्षरं नव्हे. 'क्षितिजा' डोळ्यांना तीन अक्षरी. ब्राउझर मोजतो क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज, काना, एकूण ८. वीसची मर्यादा घातली की मोठं नाव मध्येच कापलं जातं.

तुमच्या शेवटच्या हायफनचंही बघा. पॅटर्न हा गुणधर्म आता रेगेक्सच्या (मजकुराचे नमुने लिहायची पद्धत) 'व्ही' फ्लॅगने वाचला जातो आणि त्यात चौकोनी कंसातला सुटा हायफन चालत नाही, त्याच्याआधी बॅकस्लॅश लागतो. नाहीतर पॅटर्नच अवैध ठरतो, आणि अवैध पॅटर्न ब्राउझर सरळ दुर्लक्षित करतो. म्हणजे नव्या ब्राउझरात तुमचा नावाचा नियम बहुधा कधीचाच बंद पडलेला आहे, कन्सोलमध्ये एक ओळ तेवढी असेल.

माझं म्हणाल तर नावाला पॅटर्न काढूनच टाका. रिकामं नसावं, बस. माणसाचं नाव बरोबर आहे की नाही हे त्यालाच जास्त कळतं.

फोनला मात्र नियम हवा. रेगेक्समधलं अंकांचं चिन्ह, बॅकस्लॅश-डी, जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक ओळखतं. कुणी ९ आणि ८ असे देवनागरीत टाकले तर नाकारू नका, आधी बदलून घ्या. देवनागरी अंक यूनिकोडमध्ये सलग आहेत, शून्याचा कोड वजा केला की काम झालं. मधल्या स्पेस, हायफन, कंसही आपणच काढायचे. जे यंत्राला दुरुस्त करता येतं त्यासाठी माणसाला परत पाठवू नये.

घाईत आहे

कन्सोल उघडून आमचा फॉर्म बघितला. पॅटर्नबद्दलची ती ओळ आहे. गप्प बसतो.

अर्धविराम

बरंच काम झालं. 'सबमिट' घटनेवर खूण, तपासणी, फोकस, फील्डसेट, टाइप सगळं बसलं. किल्लीचं सर्व्हरवाल्यांकडे दिलंय. चाचणीत एकच नवं सापडलं: फॉर्म पाठवला, पुढचं पान आलं, तिथून ब्राउझरचं 'मागे' दाबलं, तर फॉर्मचं बटण 'पाठवत आहे…' म्हणतच उभं. दाबलं तर काही होत नाही. रिफ्रेश केलं की ठीक.

क्ष

'मागे' दाबल्यावर ब्राउझर बरेचदा पान नव्याने लोड करत नाही, सोडून गेलात त्या क्षणाचं पान स्मृतीतून जसंच्या तसं उभं करतो. तुमची खूणही त्यात गोठलेली असते. 'लोड' घटना अशा वेळी येत नाही, 'पेज-शो' येते. विंडोवर ती ऐका, तिचं 'पर्सिस्टेड' खरं असेल तर खूण काढा आणि बटणाचा मूळ मजकूर परत लावा. लपवलेल्या रकान्यातली किल्ली मात्र जुनीच राहते, ती वापरून झालेली असेल.

मागचा दरवाजा

जुनीच राहू दे. त्याच किल्लीने काहीही न बदलता पुन्हा पाठवलं तर पहिलीचंच उत्तर मिळेल, तेच हवंय. किमती बदलून पाठवलं तर मी ४२२ देऊन सांगेन की ही नोंद आधीच झालीय, आणि सोबत नवी किल्ली देईन. त्यासाठी पहिल्या विनंतीच्या किमतींचा हॅश (त्यांच्यावरून काढलेला छोटा ठसा) किल्लीशेजारी साठवून ठेवा, नाहीतर 'तेच की वेगळं' कळणार नाही. पासवर्ड त्या हॅशमध्ये घेऊ नका.

टॅबकी

फायरफॉक्समध्येही एकदा बघा. तो साध्या रिफ्रेशनंतरही रकान्यांची अवस्था लक्षात ठेवतो, स्क्रिप्टने केलेलं डिसेबलसुद्धा. तुम्ही बटण डिसेबल करत नाही, त्यामुळे ते सुटलं; पण पत्त्याचा फील्डसेट आहे. पान उघडल्यावर चौकोनाची अवस्था वाचून फील्डसेट त्याप्रमाणे एकदा बसवून घ्या, आणि तेच फंक्शन 'पेज-शो'मधूनही बोलवा.

अर्धविराम

चौकोन खूण केलेला आणि खालचे रकाने गायब, असं एकदा दिसलं होतं खरं. ते कुठून आलं ते आता कळलं. दोन्हीकडून बोलावतो.